शंकरपटावरची विशेषणं

कोकिळाबाईंनी माइक हातात घेतला की पटावरचा चहावालासुद्धा स्टोव्ह बारीक करतो. स्टोव्हच्या आवाजात बाईंनी कोणत्या जोडीला कोणता शब्द दिला ते ऐकू येत नाही, आणि मग गिऱ्हाईक त्यालाच विचारून विचारून भंडावून सोडतं. चिखली तालुक्यात, आणि आता तर पार जळगाव जामोदपर्यंत, कुठे शंकरपट भरणार म्हटलं की लोक आधी विचारतात बक्षीस काय, आणि लगेच विचारतात, बोलायला कोकिळाबाई आहेत ना? नसतील तर बरेच जण जोडी टेम्पोत चढवतच नाहीत.

ज्यांनी शंकरपट पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं, की ही बैलांची शर्यत. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, हाकणाऱ्यानं वर उभं राहायचं आणि सपाट केलेल्या लांब पट्टीवरून सुटायचं. एका वेळी एकच जोडी, समोर घड्याळ. बोलणाऱ्याचं काम म्हणजे जोडी कुणाची, गाव कोणतं आणि वेळ किती लागला ते सांगणं. आता एवढ्या कामाला काय डोकं लागतं असं तुम्हाला वाटेल. तालुक्यालाही तसंच वाटत होतं, बाई येईपर्यंत.

बाईंचं माहेर उंद्रीचं, सासर चिखलीचं. शिक्षण इंग्रजी घेऊन बी.ए. वर्षभर पुण्याला नोकरीही करून पाहिली. तिथे यांनी "मले" म्हटलं की ऑफिसातल्या पोरी तोंडाला रुमाल लावायच्या. बाईंनी कुणाचा राग धरला नाही, बोलणंही बदललं नाही. वर्ष झालं तशा परत आल्या, लग्न केलं, आणि घरच्या पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी सुरू केली. नवरा भागवत मंडप डेकोरेशनवाला. मंडप, खुर्च्या, स्पीकर, जनरेटर, सगळं त्याचं. स्वभावानं इतका गरीब, की कुणी भाड्याच्या खुर्च्या मोडून आणल्या तरी तोच "असू द्या" म्हणणार. बाई मात्र मोडलेली खुर्ची तिथेच उलटी करून पाय कुठून तुटला ते दाखवायच्या.

एका वर्षी पटावर भागवतचे स्पीकर होते आणि बोलणाऱ्याचा घसा दुपारीच बसला. सकाळपासून एवढा ओरडला होता, की शेवटी नुसती हवा यायला लागली. पंच भागवतवर चिडले, जसं काही घसाही त्यानंच भाड्यानं दिला होता. बाई नवऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा खुर्चीवर ठेवला आणि माइक उचलला. बाप्ये एकमेकांकडे पाहून हसले, बाईमाणूस बैलाचं काय सांगणार म्हणून. पण बाईंच्या बापाच्या दावणीला कायम पटाचे बैल. बैलाचा खूर पाहून तो कोणत्या मातीत चालतो ते सांगणाऱ्या माणसाच्या मांडीवर ही पोर वाढलेली. दहा-बारा जोड्या होईपर्यंत हसणाऱ्यांचं हसू जिरलं.

आधीच्या बोलणाऱ्याकडे शब्द दोनच. "जबरदस्त" आणि "लय जबरदस्त". जोडी पळाली तरी जबरदस्त, पट्टी सोडून लोकांत शिरली तरी जबरदस्त. लोक ऐकेनासे झाले होते. बाईंनी मराठीत दुसरं काही शोधून पाहिलं, पण मराठीतली सगळी चांगली विशेषणं चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जाऊन बसली होती. ज्या शब्दांनी गल्लीतल्या कुणाही भाऊंना शुभेच्छा दिल्या जातात, ते शब्द बैलाला द्यायचे म्हणजे बैलाचा अपमान. तेव्हा समोरून एक लहानखुरी जोडी अगदी दोरी धरल्यासारखी सरळ गेली. वेळ काही फार चांगला नव्हता, पण जाणं पाहण्यासारखं होतं. बाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "नोटेबल." मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे काय, बाई?" बाई म्हणाल्या, ध्यानात ठेवण्यासारखी जोडी. जोडीचा मालक तेवढ्यावर दिवसभर मान ताठ करून फिरला.

तिथून सुरू झालं. शिकवणीत बाई पोरांना एक गोष्ट नेहमी सांगत, की डिक्शनरीत एकाखाली एक शब्द असतात आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच लिहिलेला असतो, उल्लेखनीय. पण ते सगळे एक नसतात. बाजारात मिरची मागितली तर दुकानदार विचारतो ना, भरायची का, तळायची का, ठेच्याची? तसंच आहे ते. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि विसरायची. पटावरची माणसं विसरली नाहीत.

बाईंनी कोणता शब्द कुठे, हे मनाशी पक्कं केलं होतं. जोडी पळायच्या आधीच, नुसती आली की लांबून डोळ्यांत भरते, ती स्ट्रायकिंग. पळण्यात काही एक गुण असा की तो ध्यानात ठेवावा, ती नोटेबल. ताकदीनं पाहणाऱ्याला दबवून टाकते, ती इम्प्रेसिव्ह. त्या दिवशी आलेल्या सगळ्या जोड्या एका रांगेत उभ्या केल्या तर जी रांगेच्या बाहेर दिसेल, ती आउटस्टँडिंग. हा शब्द द्यायचा तर आधी बाकीच्या पाहाव्या लागतात, म्हणून बाई तो दुपार झाल्याशिवाय काढत नसत. आणि सगळ्यांच्या वर रिमार्केबल. घरी गेल्यावर माणसाला चपला काढायच्या आधी सांगावंसं वाटतं, ते रिमार्केबल. हा शब्द कधी कधी अख्ख्या हंगामात एकदाच यायचा, कधी तोही नाही.

लोकांनी त्याचं काय काय केलं ते विचारू नका. टेम्पोच्या मागे "आउटस्टँडिंग जोडी, मेरा बुद्रुकवाले" असं रंगवून झालं. लग्न जुळवणारे मुलगा "इम्प्रेसिव्ह" आहे म्हणून सांगू लागले. एका सासूनं सुनेच्या भाकरीला "नोटेबल" म्हटलं आणि सून चिडली, कारण तिला वरचा शब्द पाहिजे होता. जालन्याकडचे व्यापारी तर बैल विकत घेताना जोडीच्या दातांआधी बाईंचा शब्द विचारायला लागले. ही गोष्ट बाईंना मनापासून आवडत नव्हती. पण आवडो न आवडो, शब्दाला वजन आलं होतं आणि आता तो तोलूनच टाकावा लागणार होता.

एकदाच घोटाळा झाला. जामोदकडचा कडूबा म्हणून एक हौशी माणूस. त्यानं बाईंनी स्ट्रायकिंग म्हटलेली पांढरीशुभ्र जोडी घेतली, पुढच्या पटात उतरवली, आणि जोडी अर्ध्यात जाऊन चक्क उभी राहिली. मागे गेली नाही, पुढे गेली नाही. लोकांनी इतकं हसून घेतलं, की कडूबा टेम्पोत बैल घालून थेट चिखलीला बाईंच्या दारात आला. शिकवणीची पोरं खिडकीला लटकली. कडूबाचं म्हणणं असं, की एवढा कडक शब्द म्हणजे बैल विमानासारखे पळत असतीन असं त्याला वाटलं, आणि बाईंनी त्याला बुडवलं. बाईंनी त्याला आधी चहा पाजला. मग म्हणाल्या, कडूबाभाऊ, एकदा तुमच्या बैलांकडे पाहा. कडूबानं पाहिलं. उन्हात उभी होती जोडी, शिंगं सारखी, वशिंड सारखं, अंगावर माशी बसायलाही भ्यावी. नजर हटते का, बाईंनी विचारलं. नाही हटत, कडूबानं कबूल केलं. "मंग मी काय खोटं बोलली?" बाई म्हणाल्या. कडूबा उरलेला चहा पिऊन बैल परत घेऊन गेला. आता ती जोडी दरसाल पोळ्यात सगळ्यांच्या पुढे चालते आणि लग्नाच्या वरातींना बोलावणं येतं ते वेगळंच. त्या दिवसापासून बाई प्रत्येक पटाच्या सुरुवातीला सगळे शब्द मराठीत फोडून सांगतात, म्हणजे कुणाला तक्रारीला जागा नको.

इथवर सगळं ठीक होतं. अडलं ते घरातच.

बाईंचा थोरला भाऊ पुंजाजी. उंद्रीला बापाचं शेत तोच करतो आणि बापाचा नादही त्यानंच चालवला. राघू आणि हौशा, अशी त्याची जोडी. राघू डावीकडचा, वयानं मोठा, शांत. हौशा तरणा आणि भलताच उतावळा. बाकी लोक पटाच्या बैलांना कामाला लावत नाहीत. खुराक घालतात, अंग चोळतात, पंख्याखाली बांधतात. पुंजाजीला ते पटत नसे. त्याचे बैल सोयाबीन-तुरीत डवरणी करत, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं ओढत, मळणीचा माल वाहत, आणि थंडीत पटाला उतरत. "माह्ये बैल खाऊन बसत नाहीत," हे तो दर दोन वाक्यांनी सांगायचा. जोडी पळायची नेटकी, सरळ, तिसऱ्या-चौथ्या नंबराची. बाईंनी तिला पहिल्या वर्षी शब्द दिला नोटेबल. दुसऱ्या वर्षी नोटेबल. तिसऱ्याही वर्षी नोटेबल.

पहिल्या वर्षी पुंजाजीनं पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी पारावरच्यांनी चिडवायला सुरुवात केली, की सख्खी बहीण माइकवर असून गडी नोटेबलच्या पुढे सरकेना. तिसऱ्या वर्षी ते चिडवणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्या भाऊबीजेला तो चिखलीला आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ताटात ओवाळणी टाकली आणि पाटावरून न उठताच बोलला.

"कोकिळे, राघू आता म्हातारा झाला. औंदाचा पट त्याचा शेवटचा. एक शब्द मांगतो तुले, दुसरं काई नाही."

बाईंना कळलं कोणता ते, सगळ्यांत वरचा. त्यांनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "दादा, दुसरं काहीबी मांग. हा माह्या घरचा नाही, कसा देऊ?"

पुंजाजी अर्धा चहा ठेवून उठला. आपल्याकडे पाहुणा चहा अर्धा ठेवून उठला म्हणजे काय झालं ते सांगायची गरज नाही, आणि हा तर भाऊ. त्यानंतर फोन नाही. संक्रांतीला तिळगूळ नाही. वहिनीनं चोरून एकदा फोन केला, तोही पाणी भरायला गेल्यावर. बाई माइकवर कितीही ठणठणीत असल्या तरी भाऊबीजेच्या संध्याकाळी भांडी घासता घासता रडल्या, आणि रडण्यापेक्षा जास्त त्यांना एका शंकेनं छळलं. भाऊ आहे म्हणून आपण त्याला मुद्दाम खालीच तर धरत नाही? लोक बोलतील या भीतीनं त्याच्या जोडीचं माप जास्त कडक लावलं असेल तर? त्यांनी तीन वर्षांच्या धावा मनाशी पुन्हा पाहिल्या. राघूचं सरळ चालणं पाहिलं, हौशाचं सुटताना उधळणं पाहिलं. नाही, शब्द बरोबर होता. भागवतला विचारलं तर तो म्हणाला, मले फक्त स्पीकरची वायर कळते, तुह्यं तू पाह्य. तुटलं तर भावाशी तुटेल, पण माप एकदा हललं की पुन्हा कुणाच्याच उपयोगाचं नाही, हे बाईंनी त्या आठवड्यात ठरवून टाकलं आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत.

संक्रांतीनंतर उंद्रीच्या शिवारात पट भरला. माहेरचा पट, माणूस मावत नव्हतं. आयोजक उत्तमराव, गावातले मोठे शेतकरी, बोलायला मोजके, माणूस सरळ. त्यांची स्वतःचीही जोडी होती. सकाळीच त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की बाहेरच्या जिल्ह्यातल्या जोड्या आल्या आहेत, पुंजाजीची जोडी सुटली की जरा जपून बोला. लोकाइच्या तोंडाले हात नाही लावता येत, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, काका, त्याले तं मी जपूनच बोलत आली, म्हणून तं तो माह्याशी बोलत नाही. उत्तमराव हसले, पण इशारा द्यायचा तो दिलाच. पटाच्या पंचांवर भावाबहिणीचा डाग लागला, तर पुढच्या वर्षी बाहेरच्या जोड्या येणार नाहीत आणि बाईंना माइकही मिळणार नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

दुपार झाली. बाई रंगात आल्या होत्या. देऊळगावकडच्या एका जोडीला इम्प्रेसिव्ह मिळालं, एक काळी जोडी स्ट्रायकिंग ठरली, आणि उत्तमरावांची जोडी दिवसातला सगळ्यात कमी वेळ लावून गेली तेव्हा बाईंनी काही हातचं न राखता आउटस्टँडिंग म्हटलं. उत्तमरावांनी फेटा सारखा केला. त्यानंतर पुंजाजीचं नाव आलं.

पुंजाजी सुटण्याच्या जागी जोडीला धरून उभा होता. बहिणीच्या मंडपाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. गाडीवर गणेश, त्याच्या शेतावर वर्षानुवर्षं काम करणारा गडी, हाताला कासरा गुंडाळून उभा. बाईंनी सरळ आवाजात नाव सांगितलं, गाव सांगितलं, बैलांची नावं सांगितली. निशाण पडलं आणि जोडी सुटली.

सुटली ती झकास. हौशा त्या दिवशी शहाण्यासारखा धावत होता. अर्धी पट्टी मागे पडली, घड्याळावरचे आकडे पाहून लोक उभे राहायला लागले, आणि तेवढ्यात एक चाक ढेकळावर चढलं. गणेश पुढच्या बाजूला पडला. बैलांच्या मागे, चाकाच्या पुढे. कासरा हाताला गुंडाळलेला, त्यामुळे सुटून बाजूला होताही येईना. अख्ख्या पटाच्या तोंडून एकच आवाज निघाला. पटाला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, अशा वेळी ओरड्यानं बैल आणखी बुजतात आणि आणखी जोरात पळतात. बायांनी तोंडावर पदर घेतला. पुंजाजी पट्टीवरून धावत सुटला, पण तो पोहोचणार कधी.

राघू थांबला. कासरा ढिला पडला तसं त्यानं पुढचे पाय मातीत रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. हौशा पुढे ओढत होता, जू तिरपं झालं, राघूचे गुडघे टेकायला आले. तरी तो म्हातारा बैल हटला नाही. समोर पट्टीच्या टोकाची काठी दिसत होती, दोन्हीकडून माणसं किंचाळत होती, आणि तो पाय रोवून उभा. गाडी करकरली, फरफटत गेली आणि थांबली. चाक गणेशच्या डोक्यापासून वीतभर लांब होतं. गणेश सरपटत बाहेर आला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं काय करावं, तर राघूच्या गळ्याला मिठी मारली आणि तिथेच ढसाढसा रडला. घड्याळ आपलं पळतच होतं. शेवटी पंचांनी ते बंद केलं. वेळ नाही, नंबर नाही, जोडी बाद.

माइक बाईंच्या हातात होता. गणेशला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. पण जोडी झाली की शब्द द्यायचा, हे त्यांचं काम, आणि अख्खा पट आता मंडपाकडे पाहत होता. जोडी बाद म्हणून गप्प बसता आलं असतं. कुणी विचारलंही नसतं.

बाईंनी एक एक शब्द उचलून पाहिला. आउटस्टँडिंग नव्हे, तो शर्यतीतला शब्द आणि ही जोडी शर्यत हरली होती. इम्प्रेसिव्ह नव्हे, गुडघे टेकायला आलेला बैल कुणाला दबवत नाही. पंचांतला एक मास्तर शेजारून हळूच म्हणाला, एक्स्ट्राऑर्डिनरी म्हणा. तोही नव्हे, तो रोजच्यापेक्षा वेगळ्या गोष्टीचा शब्द. डवरणीत दोन्ही बाजूंना पीक उभं असतं, पुढे वाकलेल्या बाया असतात, कासरा ढिला झाला की तिथल्या तिथे थांबायचं हे पुंजाजीनं त्या बैलाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. राघूनं रोजचंच काम केलं होतं. पंख्याखाली वाढलेल्या एकाही बैलाला ते जमलं नसतं. मग बाईंनी लोकांकडे पाहिलं. जो तो शेजारच्याला सांगत होता. शेजारच्यानंही तेच पाहिलं होतं, तोही उलट यालाच सांगत होता. चहावाला स्टोव्ह सोडून आला होता आणि हातवारे करून पोलिसाला सांगत होता, तोही डोळ्यांनी पाहून आलेला. सांगितल्याशिवाय राहवतच नव्हतं कुणाला. आता शंका उरली नाही. उरलं ते एवढंच, की जोडी भावाची होती.

उत्तमराव लांबून बाईंकडे पाहत होते. त्यांनी हात खाली दाबून खूण केली, सबुरीनं. बाईंनी ती खूण पाहिली आणि माइक तोंडाजवळ नेला.

"उंद्रीचे पुंजाजी यांची जोडी. वेळ नाही, नंबर नाही. शब्द, रिमार्केबल."

कुठूनतरी लगेच ओरडा आला, भावाची जोडी. दोघं-तिघं हसले. बाईंनी वाट पाहिली, हसणं संपू दिलं.

"हाव, पुंजाजी माहा भाऊ आहे. सगळ्याइले माहीत आहे. ज्याले वाटत असीन का मी भावाले शब्द दिला, त्यानं एक करा. आज घरी गेल्यावर ही गोष्ट कोणाले सांगू नका. जमते का पाहा."

मग पहिल्यांदा बाया हसल्या, आणि त्या हसण्यातूनच टाळ्या सुरू झाल्या. ज्यानं ओरडा केला होता तो देऊळगावचा गडी डोक्याला हात लावून म्हणाला म्हणे, नाही जमणार बुवा. पण बाईंचं लक्ष उत्तमरावांकडे होतं. ते सरळ मंडपात आले आणि त्यांनी हात पुढे केला. बाईंनी माइक देऊन टाकला. आता काय होणार ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. उद्यापासून बोलणारा दुसरा आला असता तरी आजचा शब्द मागे जाणार नव्हता.

उत्तमरावांनी घसा साफ केला. "बक्षीस घड्याळावर ठरते, शब्द बाई देतीन," ते म्हणाले. "पुढची जोडी आणा." आणि माइक बाईंच्या हातात परत देऊन आपल्या जागी जाऊन बसले. बाईंनी पुढच्या जोडीचं नाव पुकारलं.

दिवस कलला तसं पटाचं मैदान रिकामं व्हायला लागलं. जालन्याचा एक व्यापारी पुंजाजीच्या मागे मागे फिरत होता आणि पुंजाजी त्याला हातानंच, विकायचे नाहीत, असं खुणावत होता. भागवत वायरी गुंडाळत होता, बाई खुर्च्या एकात एक घालत होत्या. तेव्हा पुंजाजी राघूला घेऊन मंडपाशी आला. मागे गणेश होता, ओठाला पट्टी लावलेला. पुंजाजी बोलला, पण बहिणीकडे न पाहता, बैलाच्या पाठीवरची माती झाडत.

"तीन वर्सं तू नोटेबल म्हणत होती. तो बी खराच होता का मंग?"

"हाव, दादा. तो बी खराच होता."

पुंजाजीनं मान हलवली. माती झाडून झाली होती, तरी हात चालूच होता. मग त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"दिवाळीत मी मांगितला, अन् तू देऊन टाकला असता," तो म्हणाला, "तं आज या राघूले काय दिलं असतं तू?"

दिवसभर हजारो माणसांपुढे बोललेल्या कोकिळाबाई हातातली खुर्ची तशीच सोडून भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडायला लागल्या, आणि भागवतनं धावत जाऊन आधी माइक बंद आहे ना ते पाहिलं.